दुपारी लवंगीजवळ कोण?

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात पहिली चर्चा झाली ती दुपारची. मी बँकेत आहे. सव्वानऊला घर सोडते आणि संध्याकाळी सहाच्या आत परत येणं क्वचितच जमतं. नवऱ्याची कंपनी चाकणला, त्याची बस कर्वेनगरच्या चौकातून सकाळी साडेसहाला निघते. म्हणजे रोजचे आठ-नऊ तास घराला कुलूप. दोन महिन्यांच्या जिवाला एवढा वेळ कोंडून ठेवायचं असेल तर ते आणूच नये, असं माझं मत तेव्हाही होतं. आमच्या कुत्रीला, लवंगीला, वाढवल्यावर ते आणखी पक्कं झालंय.

म्हणून पिल्लू शोधण्याआधी आम्ही डॉक्टर शोधले. ओळखीतून एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ सांगितलं, आम्ही दोघं नोकरी करतो, पॉमेरेनियन आणायचा विचार आहे, जमेल का ते सांगा. त्यांनी कागद घेतला आणि आकडेच मांडले. पिल्लाचं जितकं महिन्यांचं वय, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते शू धरू शकतं, तेसुद्धा जास्तीत जास्त. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. छोट्या जातीचं मूत्राशयही छोटं, तेव्हा तीनाचे अडीच धरा. रात्री झोपेत ते जरा जास्त टिकतं, दिवसा जागेपणी नाही. शूसाठी कागद घालता येईल, त्यामुळे तो प्रश्न सुटतो, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "शूचं सोडा. खाण्याचं काय करणार?"

ही गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती आणि छोटं पिल्लू आणणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. पॉम (पॉमेरेनियन), चिवावा, यॉर्की, शिह त्झू अशा इवल्या जातींच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो आणि अंगावर चरबी नसते. एखादं जेवण चुकलं, गारठा बसला, जुलाब झाले किंवा खेळून फार दमणूक झाली, की रक्तातली साखर भराभर उतरते. पिल्लू आधी सुस्तावतं, मग मान लटपटते, पाय वाकडेतिकडे पडतात, झटके येतात. वेळेवर कोणी पाहिलं नाही तर जीव जातो. साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत ही धास्ती. तोवर दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं, आणि जागेपणी चार तासांपेक्षा जास्त उपास घडू द्यायचा नाही.

तिथून निघताना आमच्यासमोर प्रश्न एकच उरला होता. दुपारी रोज, न चुकता कोण येणार?

समोरच्या फ्लॅटमध्ये काकू राहतात. मराठी शाळेतून निवृत्त, एकट्या. लहानपणी वाईच्या घरी कुत्री होती, त्यामुळे जनावराची भीती नाही. मी जरा चाचरतच विचारलं, "काकू, दुपारी एकदा येऊन जाल का?"

"अगं, एकदा कशाला, दोनदा येईन. मी घरीच तर असते. पण काय काय करायचं ते मला नीट लिहून दे. माझ्या हातून काही राहून जायला नको."

पैशांचा विषय काढल्यावर त्या रागावल्या. पण रोजचं काम असं नुसत्या मायेवर टाकणं मला बरं वाटेना. शेवटी ठरलं की त्यांच्या पेन्शनची, एफडीची, हयातीच्या दाखल्याची सगळी कामं मी बघायची, विजेचं बिल आणि गॅस मी भरायचा. हे दोघींनाही पटलं. कोणाकडून रोजची मदत घेणार असाल तर तिची परतफेड काय हे आधीच बोलून घ्यावं. मग कोणी कोणावर उपकार करत नाही आणि मदत टिकते.

काकूंनी 'हो' म्हटल्यावरच आम्ही पिल्लू शोधायला लागलो. फोनवर पहिल्या दोन-तीन विक्रेत्यांनी जे सांगितलं त्यानं मन विटलं. "पाच आठवड्यांचं आहे मॅडम, लगेच घेऊन जा, जितकं लहान न्याल तितका लळा लागतो." हे बेकायदा आहे. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, आई आणि भावंडांबरोबरचे ते शेवटचे आठवडे पिल्लाला फार काही देऊन जातात. चावा किती जोरात लागतो हे ते भावंडाच्या किंकाळीतून शिकतं. स्वतःचं स्वतः खायला शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेल्या आणि दुपारी एकट्या पडणाऱ्या पॉमच्या पिल्लाची साखर उतरली नाही तरच नवल.

शेवटी नाशिकच्या एका घरी नोंदणीचा कागद, पिल्लाची आई आणि राहती जागा, तिन्ही बघायला मिळालं. पिल्लू दिवाळीच्या आधीच आठ आठवड्यांचं झालं असतं, पण फटाके थांबेपर्यंत ते आईजवळच राहू द्या अशी विनंती आम्ही केली. आठव्या ते दहाव्या आठवड्यात बसलेली भीती पिल्लाच्या मनात घर करते. नवीन घर आणि सुतळी बॉम्ब एकाच आठवड्यात नको. शिवाय नोव्हेंबरात आणलं तर मार्च एंडिंगपर्यंत ते सहा महिन्यांचं होणार होतं. बँकेतल्या माणसाला मार्च टाळता येत नाही, निदान पिल्लू तोवर मोठं असावं.

जाता जाता सांगते, आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी जो पांढरा 'पामेरियन' असायचा, तो बहुतेक ठिकाणी इंडियन स्पिट्झ होता. तो अंगानं थोराड आणि आपल्या हवेला सरावलेला. माझ्या मामाकडे होता, दूध-पोळी खाऊन चौदा वर्षं जगला. लवंगी घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठशे ग्रॅम भरली. 'आमच्या मामाचा कुत्रा तर काहीही खायचा' हा हिशोब तिला लागू नव्हता.

आधी माझी पीएल, म्हणजे हक्काची रजा, आणि ती संपली की लगेच नवऱ्याची रजा, असं आम्ही पाठोपाठ घेतलं. त्या रजेचा उपयोग तिला कुशीत घेऊन बसायला करायचा मोह फार होतो. पण महिनाभर चोवीस तास माणूस, आणि एका सोमवारी अचानक कोणीच नाही, हा तिच्यावर अन्याय झाला असता. एकटं राहणं पिल्लाला शिकवावं लागतं. कळपात वाढणारा जीव आहे तो. एकटा पडला की ओरडून बोलवायचं, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून एकटं राहायची शिकवणी रजेच्या पहिल्या आठवड्यातच सुरू केली.

आधी तिची जागा. हॉलच्या एका कोपऱ्यात लोखंडी जाळीचं चौकोनी कुंपण, साधारण चार फूट बाय चार फूट. एका बाजूला झोपायचं, दुसऱ्या बाजूला शू-शीचे कागद, मध्ये जड बुडाची पाण्याची वाटी. पिल्लू जिथं झोपतं तिथं सहसा घाण करत नाही, म्हणून दोन्ही टोकं लांब ठेवायची. आईनं हौसेनं छोटी गोधडी शिवून पाठवली होती, पण डॉक्टरांनी ती एकटी असताना आत ठेवू नका म्हणून सांगितलं. दात शिवशिवत असतात, टाका सुटला आणि लांब दोरा पोटात गेला तर त्याभोवती आतडं गोळा होतं आणि ऑपरेशनची वेळ येते. गोधडी संध्याकाळी आमच्यासमोर, दुपारी शिवण नसलेलं जाड पांघरूण. खाली लादीवर रबरी चटई, कारण छोट्या जातींच्या गुडघ्याची वाटी सरकायची खोड असते आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकले की त्यात भर पडते.

कुंपणाच्या आसपासची वायर, डासांच्या लिक्विडचं मशीन, मनी प्लांटची कुंडी, सगळं हलवलं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या, त्या कुत्र्यांना विषारी असतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण यांची यादी फ्रीजवर लावली. काकूंसाठी लावली होती, पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती वाचावी लागली. फरशी पुसायला अमोनियाचा वास असलेलं काही वापरायचं नाही, तो वास तिला शूसारखाच येतो आणि ती त्याच जागी परत बसते.

मग शिकवणी. कुंपणात तिला खाऊ भरलेलं पोकळ रबरी खेळणं द्यायचं आणि मी जाळीबाहेर खुर्चीत बसायचं. मग उठून स्वयंपाकघरात जाऊन लगेच परत. मग बेडरूममध्ये. मग दाराचं लॅच उघडून बंद, पण बाहेर न जाता. मग बाहेर, जिन्यात उभं राहून पंधरा-वीस आकडे मोजून आत. ती रडायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. आज पाच मिनिटं जमलं तर उद्या दहा, आणि दहाला कुरकुर झाली तर परवा सातवर यायचं. वेळ सरळ चढत जात नाही. तिचं पोट बिघडलं किंवा घरी पाहुणे येऊन गेले की ती मागं जायची. आम्हीही मागं जायचो.

आमच्या निघण्याच्या खुणा तिला आमच्याहून लवकर कळत होत्या. पर्सची चेन, किल्ल्यांचा आवाज, ऑफिसच्या चपला. मी दिवसभरात अधूनमधून पर्स खांद्याला लावून पेपर वाचत बसायची, किल्ल्या उचलून भाजी निवडायला घ्यायची. हळूहळू किल्ल्या वाजल्या तरी तिनं मान वर करणं सोडून दिलं.

या काळात सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला म्हणजे, "रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल." माझा याला ठाम विरोध आहे. गप्प होतं ते पिल्लू शिकलेलंच असतं असं नाही. कोणी येत नाही म्हणून हरलेलंही असतं. कंटाळ्याची कुरकुर आणि भीती यांतला फरक बघितला तर दिसतो. कंटाळलेलं पिल्लू थोडं कुईकुई करतं, इकडेतिकडे करतं आणि आडवं होतं. घाबरलेलं पिल्लू लाळ गाळतं, धापा टाकतं, जाळी उकरतं, स्वतःच्या शीत फिरतं, आणि खाण्याला तोंड लावत नाही. आमच्या जुन्या मोबाईलला आम्ही कॅमेरा करून टीव्हीच्या कपाटावर उभा केला होता. परत आल्यावर मी आधी खेळणं बघायची. आतला खाऊ संपला असला की जीव भांड्यात पडायचा.

कॅमेऱ्यात तिचं एकटेपण बघायला मिळालं. दार लागलं की ती जाळीला नाक लावून दाराकडे तोंड करून उभी राहायची, कान ताठ. लिफ्टचं दार वाजेपर्यंत तशीच. मग पांघरुणावर जाऊन गोल गोल फिरायची, बसायची, परत उठून एकदा दाराशी. मग खेळण्याकडे लक्ष जायचं. दोन पंजांत धरून ते चाटत राहायची, आणि चाटता चाटता डोळे मिटायचे. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. अवघड असतात ती पहिली दहा-पंधरा मिनिटं. ती निभावली की पुढचे दोन तास झोपेचे.

नवऱ्याची रजा संपली तेव्हा दिवसाची घडी अशी बसली होती. सकाळी साडेसहाला पहिलं खाणं, तिचं किबल (कोरडं दाणेदार खाणं) कोमट पाण्यात भिजवून. नऊला खेळ, शू, मग अगदी थोडं खाणं खेळण्यातून. साडेअकराला काकू, फक्त कागद बदलायला आणि दहा मिनिटं मांडीवर घ्यायला. दीड वाजता परत काकू, जेवण घेऊन. मी आल्यावर संध्याकाळचं, आणि झोपताना शेवटचं. डॉक्टरांनी चार खाणी सांगितली होती, आम्ही सकाळचं फोडून पाच केली. गायी-म्हशीचं दूध बंद. ते बहुतेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि इवल्या पिल्लाचे जुलाब म्हणजे परत साखरेची भीती. "एक मारी बिस्कीट दिलं तर?" असं काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं. नको म्हटल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही.

काकूंनी वही घातली. शाळेची शंभर पानी वही, पट्टीनं समास आखलेला. त्यातली एक नोंद इथं देते:

"११.३५ – शू कागदावर, शी नाही. जागी होती. १.३० – निम्मं खाल्लं, मग बोटावर दिल्यावर उरलेलं खाल्लं. शी घट्ट, रंग नेहमीचा. १.५० – माझ्या पदराशी खेळली. २.०५ – झोपली, मी निघाले."

ऑफिसातून आल्यावर मी आधी ही वही वाचायची. डॉक्टरांकडे जाताना तीच न्यायची. कुठल्या दिवसापासून खाणं कमी झालं, शी कधी पातळ झाली, हे आठवून सांगण्यापेक्षा वही पुढे ठेवली की काम होतं.

आणि डिसेंबरात ती वही आणि काकू, दोन्ही कामाला आले. पुण्यात त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. आदल्या दिवशी जंताचं औषध दिलेलं, संध्याकाळी तिची शी पातळ झाली. सकाळी तिनं निम्मं खाऊन वाटीकडे पाठ फिरवली. मी काकूंना सांगून निघाले की आज जरा लवकर जा आणि गरम वाटतंय का ते बघा. साडेदहाला त्यांचा फोन आला. आवाज शांत, शाळेत मुलाला लागलं की पालकांना कळवतात तसा. "अगं, ती उठत नाहीये. मान हलतेय नुसती. हिरड्या पांढऱ्या दिसतायत आणि पंजे गार आहेत. मध लावते. तू डॉक्टरांना फोन कर."

मधाची छोटी बाटली फ्रीजवर त्याच यादीच्या बाजूला ठेवलेली होती. असं झालं तर काय करायचं हे डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून दाखवलं होतं. बोटावर मध घेऊन हिरड्यांना आणि जिभेखाली चोळायचा. घशात काही ओतायचं नाही. शुद्ध हरपत असलेलं पिल्लू गिळू शकत नाही, ओतलेलं फुप्फुसात जातं. मग उबेत गुंडाळायचं आणि निघायचं, बरं वाटलं तरी निघायचं, कारण मधाचा असर थोड्या वेळात उतरतो. काकूंनी तिला शालीत गुंडाळलं, पोटाशी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात लपेटून धरली आणि वॉचमननं थांबवलेल्या रिक्षानं निघाल्या. मी काउंटर सहकाऱ्याच्या हवाली करून दवाखान्यात पोचले तेव्हा ती टेबलावर मान उचलून बघत होती. कुत्र्याची साखर साधारण ऐंशी ते एकशेवीस असावी लागते, साठच्या खाली गेली की धोका. लवंगीची चाळिशीत होती, आणि तीही मध लावल्यानंतर. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण दिलं, पाय गरम झाले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. रात्री घरी तिनं वाटी चाटूनपुसून संपवली.

काकू साडेदहाऐवजी दीडला आल्या असत्या तर लवंगी आज नसती. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण 'आम्ही दोघं नोकरी करतो, पिल्लू राहील का' असं विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना कॅमेरा, आपोआप खाणं देणारं मशीन, कुठली खेळणी हे हवं असतं. कॅमेऱ्यात मला ती पडलेली दिसली असती. कर्वेनगरला पोचायला मला पाऊण तास लागला असता. हिरड्यांना मध लावायला माणूसच लागतो. ज्यांच्याकडे दुपारचा माणूस नाही त्यांनी दीड-दोन वर्षांचा, घर शोधत असलेला कुत्रा आणावा. तो शू धरतो, त्याची साखर अशी उतरत नाही, आणि त्यालाही घर मिळतं.

डे-केअरचा पर्याय लोक सुचवतात, पण लसी पूर्ण होईपर्यंत तो नाही. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते ती सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती. तो विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या चपलांच्या तळव्याला लागून घरात येतो. काकू स्वतःच्या चपला बाहेर काढून आमच्याकडे ठेवलेली वेगळी जोडी घालायच्या. लसी झाल्यावर एक डे-केअर बघून आलो. तिथं लॅब्रेडॉर आणि पॉम एकाच अंगणात सोडलेले होते, म्हणून तसेच परत फिरलो. दीड किलोच्या कुत्रीवर पस्तीस किलोच्या कुत्र्यानं प्रेमानं जरी पंजा ठेवला तरी हाड मोडतं.

मात्र लसी होईपर्यंत तिला जगच दाखवायचं नाही, हेही चुकीचं. तीन ते साधारण चौदा आठवड्यांचा काळ हा पिल्लाचा ओळखी करून घ्यायचा. तो गेला की नव्या गोष्टीची भीती जास्त वाटते आणि भित्रं कुत्रं एकटं राहू शकत नाही. म्हणून रोज संध्याकाळी कापडी पिशवीत छातीशी धरून फिरवायचो, जमिनीला पाय लागू न देता. पीएमपीच्या बसचा आवाज, देवळातली घंटा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर होतेच. दुपारी कुठला तरी आवाज झाला तर तो तिच्या ओळखीचा असावा, एवढाच उद्देश.

तरी सोसायटीत तक्रार झालीच. सेक्रेटरींनी सांगितलं की दुपारी भुंकते. आम्ही रेकॉर्डिंग बघितलं. ती कुरिअरवाल्याच्या बेलला भुंकत होती आणि दोन मिनिटांत थांबत होती. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, हे मला माहीत होतं, पण ते काढायची गरज पडली नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ दुपारी झोपतं, त्यांचं म्हणणं रास्त होतं. बेल बंद केली, पार्सल वॉचमनकडे ठेवायची चिठ्ठी दारावर लावली, हॉलमध्ये हळू आवाजात विविध भारती सुरू ठेवली. भुंकणं जवळजवळ थांबलं. आता त्रास होतो का असं मीच वहिनींना जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी आम्हालाही एकदा लवंगीला बघायला बोलवा म्हणून सांगितलं.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागले. या काळात खेळणं अर्धवट गोठवून द्यायचे, हिरड्यांना बरं वाटतं. पॉमच्या जातीत दुधाचे सुळे पडत नाहीत आणि शेजारी पक्का सुळा उगवतो, असं वारंवार होतं. लवंगीचे वरचे दोन्ही राहिले. मे महिन्यात नसबंदीच्या भुलेतच ते काढून घेतले. त्या आठवड्यात मी रजा टाकली होती, ते ओघानं आलंच.

मार्च एंडिंगला ती सहा महिन्यांची होती. खाणी तीनवर आली होती, साखरेची भीती मागं पडली होती, आणि सहा तास ती शू धरू शकत होती. पण मला रात्री नऊ-नऊ वाजत होते. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाला फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं. त्याला महिन्याचे पैसे ठरवून दिले. तो साडेसहाला तिला हार्नेस लावून खाली न्यायचा. गळपट्टा नाही, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाताणीनं दबते. सोफ्यावर एकटीला चढवायचं नाही, तिथून उडी मारली तर पुढच्या पायाचं हाड काडीसारखं मोडू शकतं, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. आठवडाभर तो मी घरी असताना आला, तिच्याशी खेळला, मगच एकटा यायला लागला.

आता ती नऊ महिन्यांची आहे, दोन किलो शंभर ग्रॅम. कुंपण काढून टाकलंय, हॉल आणि स्वयंपाकघर तिचं. दुपारची फेरी मात्र बंद केलेली नाही. तिला आता शूसाठी कोणी यायची गरज नसली तरी दिवसाचे आठ तास नुसत्या भिंती बघणं हे कुत्र्याचं आयुष्य नव्हे. उन्हाळ्यात तर दुपारी लाईट जाते, पंखा थांबतो, तिच्या अंगावर दुहेरी केसांचा झगा. एप्रिलमध्ये एकदा काकूंनी तिला उचलून थेट त्यांच्या घरी नेलं, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

जुलैत काकू लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला चालल्यात, चांगल्या चार महिन्यांसाठी. त्यांची जागा तळमजल्यावरचे आजोबा घेतायत. ते गेल्या आठवड्यापासून काकूंबरोबर रोज दीडला येतात. काकूंनी त्यांना नवी वही आखून दिली आहे आणि हिरड्या कशा बघायच्या ते दाखवलंय. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून फ्रीजवरची यादी या रविवारी मोठ्या अक्षरात लिहून लावायची आहे.